गाडी तीच, कसोटी सारथ्याची

मोटार शर्यतीत जिंकते कोण, चालक की यंत्र, हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. ज्या संघाच्या तिजोरीत पैसा अधिक, त्याची गाडी पुढे, असा आक्षेप दरवर्षी घेतला जातो आणि त्यात तथ्यही असते. 'रेस ऑफ चॅम्पियन्स' ही स्पर्धा मात्र या आक्षेपाला जागाच ठेवत नाही. मार्च २०२५ मध्ये सिडनीच्या स्टेडियममध्ये नऊ वेळा विश्व रॅली विजेता ठरलेला फ्रान्सचा सेबॅस्टियन लोब वयाच्या ५१ व्या वर्षी पुन्हा या स्पर्धेचा मानकरी ठरला, तेव्हा त्याचे श्रेय कोणत्याही कारखान्याला देता आले नाही.

या स्पर्धेचे मूळ एका शोकांतिकेत आहे. १९८६ हे वर्ष रॅलीच्या इतिहासातील काळे वर्ष. 'ग्रुप बी' या अतिशक्तिशाली गाड्यांच्या काळात पोर्तुगालच्या रॅलीत गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले. २ मे रोजी कॉर्सिका बेटावर फिनलंडचा हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा अपघाती अंत झाला. त्या मोसमानंतर 'ग्रुप बी'वर बंदी आली. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, मिशेल मूटों आणि फ्रेडरिक जॉन्सन यांनी पॅरिसजवळच्या माँलेरी येथे विश्वविजेत्या रॅलीचालकांना आमनेसामने आणले. मूटों ही विश्व रॅली स्पर्धेतील फेरी जिंकणारी पहिली महिला. पहिले जेतेपद युहा कँकुनेनने मिळवले. वैयक्तिक विजेत्याला आजही टोइव्होनेनच्या स्मरणार्थ ठेवलेला करंडक दिला जातो.

स्पर्धेची रचना साधी, पण नेमकी आहे. एकाच मैदानात शेजारी शेजारी दोन मार्ग आखलेले असतात आणि ते पुलावरून एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे आतल्या व बाहेरच्या मार्गाचा लाभ-तोटा दोघांच्याही वाट्याला सारखाच येतो. गाड्या आयोजकांच्या आणि एकाच जातीच्या. हरला तो बाद, जिंकला तो पुढच्या फेरीत. एरवी रॅलीत चालक घड्याळाशी झुंजतो, प्रतिस्पर्धी त्याला दिसतही नाही. येथे तो शेजारीच असतो.

त्यामुळेच मोठी नावे येथे सुरक्षित नसतात. २००४ मध्ये स्पर्धा पॅरिसच्या भव्य स्टेडियममध्ये आली. तोपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये पदार्पणही न केलेल्या हैक्की कोवालाइनेनने मायकेल शूमाकर आणि लोब या दोघांनाही त्या वर्षी नमवले. याउलट २०२२ मध्ये स्वीडनच्या बर्फावर लोबने चार वेळच्या फॉर्म्युला वन विजेत्या सेबॅस्टियन व्हेटेलला अंतिम फेरीत हरवले. भारतालाही येथे यशाची चव मिळाली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये बँकॉक येथे नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक यांच्या जोडीने या स्पर्धेचे आशियाई सांघिक विजेतेपद पटकावले. गाडी समान मिळाली तर भारतीय चालक मागे राहत नाही, हे त्यातून दिसले. रॅलीच्या क्षेत्रात गौरव गिलने २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीन आशिया-पॅसिफिक विजेतेपदे मिळवून तेच सिद्ध केले.

म्हणजे उणीव गुणवत्तेची नाही, बंदिस्त मैदानाची आहे. देशातील प्रमुख कायमस्वरूपी शर्यतपथ चेन्नईजवळ, कोइम्बतूर येथे आणि ग्रेटर नोएडात आहेत. मध्य भारतातील तरुणाला ते सारेच दूर. आणि मैदानाऐवजी रस्ता वापरला की किंमत कोण मोजतो, हे सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील राष्ट्रीय रॅलीत दिसले. बंद केलेल्या मार्गावर आलेल्या दुचाकीला स्पर्धेतील मोटारीची धडक बसून एकाच कुटुंबातील तिघांचा बळी गेला.

विदर्भाला शर्यतीचे वेड नवे नाही. शंकरपटात बैलजोडी आणि तिचा धुरकरी यांना पाहण्यासाठी गावेच्या गावे लोटतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय पट भरवता येत नाही आणि धावेच्या अंतरालाही मर्यादा आहे. प्राण्यांच्या छळाविषयीचे आक्षेप त्याने संपले असे नाही. परंतु लोकांची हौस केवळ बंदीने संपत नाही, ती नियमांच्या चौकटीत आणावी लागते, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

हाच धडा शहरालाही लागू पडतो. नागपुरात प्रताप नगरसारख्या वस्तीतून रिंग रोडकडे जाणारा रस्ता हा शाळकरी मुलांचा, नोकरदारांचा आणि सायंकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांचा असतो. तेथे वेगाची पैज लावणाऱ्याला कोणी विजेता म्हणणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तिची कठोर अंमलबजावणी हवीच. पण दंडाची पावती फाडली म्हणजे विशीतल्या पोराच्या मनातला वेग ओसरतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

बंदिस्त मैदान म्हणजे संपूर्ण सुरक्षितता, असेही नव्हे. २०१७ मध्ये मायामी येथे याच स्पर्धेत गाडी उलटून पास्कल वेरलाइनच्या मानेला दुखापत झाली आणि फॉर्म्युला वनच्या सुरुवातीच्या शर्यतींना तो मुकला. मात्र तेथे धोका पत्करतो तो चालक, आणि तोही शिरस्त्राण, सुरक्षा पट्टे व वैद्यकीय पथकाच्या सोबतीने. रस्त्यावर तो धोका पादचाऱ्याच्या माथी मारला जातो. हा फरक नगरनियोजनकारांनी ध्यानात घ्यावा. क्रीडासंकुलांच्या आराखड्यात धावपट्टी आणि जलतरण तलावाला स्थान मिळते. शहराबाहेर एक लहानसा, देखरेखीखालील मोटारपथ त्यात बसवणे अशक्य नाही. स्टेडियमच्या आवारात जगज्जेत्यांची स्पर्धा होऊ शकते, तर त्यासाठी शेकडो एकर जमीन लागते ही सबबही टिकत नाही. वेगाला जागा दिली नाही, तर तो स्वतःच जागा शोधतो, आणि ती बहुधा आपल्या घरासमोरचा रस्ता असते.