किळस उसळते, ती जोपासतो कोण?

सन 1901. दहा वर्षांचा भीमराव वडिलांकडे कोरेगावला जाण्यासाठी सोबतच्या मुलांसह मसूर स्थानकावर उतरला. न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटक्या पोशाखातील मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागले. तुम्ही कोण, या प्रश्नावर ‘महार’ हा शब्द मुलांच्या तोंडून निघाला आणि त्यांचा चेहरा क्षणात पालटला. ते खोलीत निघून गेले. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हा प्रसंग नोंदविला आहे.

इतिहास शिकविताना आम्ही या क्षणापाशी थांबतो. मुले तीच, पोशाख तोच; मध्ये आला तो केवळ एक शब्द. म्हणजे किळस मुलांत नव्हती, पाहणाऱ्याच्या मनात संस्कारांनी आधीच पेरलेली होती. विचार करण्यापूर्वीच ती उसळली. मग अशा भावनेला अनीती म्हणावे काय?

प्रसंगाचा उत्तरार्ध पाहावा. तेच स्टेशनमास्तर काही वेळाने परतले. दुप्पट भाड्यालाही गाडीवान तयार होईनात, तेव्हा मुलांनीच गाडी हाकावी, गाडीवानाने बाजूने चालावे, असा मार्ग त्यांनीच काढला. किळस गेली नसेल; पण तिच्या हाती त्यांनी निर्णय सोपविला नाही. पुढे वाटेत मात्र मुलांना कोणी पाणी दिले नाही. जवळ अन्न असून ती उपाशी झोपली.

तथागतांनी लोभ, द्वेष व मोह ही अकुशलाची मुळे सांगितली आणि चेतनेलाच कर्म म्हटले. नकळत उठलेल्या लहरीचा दोष माणसाला लावता येणार नाही. परंतु ती ओळखूनही रीत म्हणून जोपासणे, हा नैतिक अपराधच होय. ‘आम्हाला तसेच शिकविले’ हे त्याचे कारण असेल, समर्थन नव्हे.

हा निकष आपल्यालाही लागू आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक पालक आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, आमच्या पोराची पेटी त्या पारध्याच्या पोराशेजारी नको.” चोरी झालेली नव्हती, भय मात्र होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, मनांतून नाही. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील बेड्यांवरची मुले आजही त्याच नजरेखाली वाढतात.

आम्ही वाद टाळला. पेटी हलविली, ती आमच्याच हातांनी. तो मुलगा काही बोलला नाही. दाराशी उभा राहून पाहत राहिला. मसूरच्या स्टेशनमास्तरांना जे साधले, ते बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या आम्हांस त्या दिवशी साधले नाही.

या स्मरणिकेत शाळेच्या गौरवासोबत ही कबुलीही नोंदली जावी. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती एवढीच, की कोणाचे नाव, आडनाव वा वस्ती ऐकून आपला चेहरा पालटला, तर त्या क्षणी थांबावे आणि स्वतःला विचारावे : हे मला कोणी शिकविले, आणि आता मी काय करणार? धम्माचा आरंभ त्या दुसऱ्या प्रश्नापासून होतो.

जय भीम!