जोखमीचा अधिकार

वडवणी तालुक्यात दिवाळी सरते न सरते तोच ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या मुलखाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा कोयता कारखान्यावर जातो, आणि घरात कोणी अंध वा पांगळे माणूस असेल तर त्याला सोबत न्यावे की गावी ठेवावे, याचा निर्णय बहुधा त्याला न विचारताच होतो. तिकडे टोळीच्या कोपीपाशी, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपाशी, टायरगाड्या, ट्रॅक्टर आणि उघडी चूल यांचे भय असते, गावी एकटेपणाचे. या दोहोंपैकी कोणते पत्करावे हे ज्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे त्यानेच ठरवावे, एवढेच येथे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे.

अपंग मनुष्याइतका धोक्याचा सूक्ष्म अभ्यास दुसरा कोणी क्वचितच करीत असेल. अंध मनुष्य पायाखालची खडी, भिंतीवरून परतणारा आवाज, गिरणीची घरघर यांवरून वाट ओळखतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांच्या कडकडाटात या साऱ्या खुणा एकाएकी बुडतात, आणि वर्षभर ज्या पेठेत तो निर्धास्त वावरला तीच त्याला परकी होते, म्हणून तो आपली कामे दुपारीच उरकून घेतो. कर्णबधिर मनुष्य बीड–परळी रस्त्याने जाताना समोरून येणारी वाहने दिसतील अशी बाजू धरतो, आणि इतरांच्या माना वळल्या की स्वतःही मागे पाहतो. कुष्ठरोगाने ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली त्यांनी तळवे रोज डोळ्यांनी तपासावेत, तापल्या भांड्याला फडक्यावाचून हात लावू नये, हा नेम आहे. कारण चटका बसल्याची वर्दी त्यांची त्वचा देत नाही. हे सारे शहाणपण ज्यांच्याजवळ आहे त्यांनाच आपण 'तू बसून राहा, तुला जमणार नाही' म्हणून उंबरठ्याच्या आत रोखतो, ही मोठी खेदाची गोष्ट होय.

डेन्मार्क व स्वीडन येथील व्यवस्था पाहून आलेल्या रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने १९७२ साली असे प्रतिपादन केले, की बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला प्रत्येक जोखमीपासून दूर ठेवणे हा त्याच्या माणूसपणाचा अवमान आहे. आपल्याकडे ऐन उमेदीत कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली, आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिले. घरच्यांनी केवळ जपण्याचेच धोरण धरले असते तर यांतले काय घडले असते?

मात्र जोखमीचा अधिकार मान्य केला म्हणून इतरांची जबाबदारी संपत नाही. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि आपत्तीच्या प्रसंगी अपंगांना समान संरक्षण देण्याची तरतूद केली; परंतु मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, झाकण उडालेले गटार, दुकानापुढे आडव्या लावलेल्या मोटारसायकली आणि एस.टी.ची उंच पायरी यांना आपत्ती म्हणण्याची आपली रीत नाही, आणि अपंग माणसाची गाठ तर रोज यांच्याशीच पडते. ही संकटे आपण निर्माण केलेली आहेत, तेव्हा त्यांचा बंदोबस्तही ग्रामपंचायतीच्या, नगरपंचायतीच्या आणि कारखान्यांच्या दप्तरातच व्हावयास हवा. आणि ती तजवीज करताना बैठकीत पहिले म्हणणे अपंगांचे ऐकून घ्यावे, अशी आमची मागणी आहे.