‘मागचे २४ तास’ की ‘मागचे ७ दिवस’? बाजारभाव बघताना इथेच गल्लत होते

खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर... बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन निघालं की घराघरात मोबाईल हातात घेऊन एकच प्रश्न, ‘आज भाव काय?’ २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारातला भाव त्याच्या वर की खाली, यावर विकायचं की थांबायचं हे ठरतं.

हा भाव अनेक ॲप्सपर्यंत एपीआयमधून येतो, म्हणजे एका सिस्टिमने दुसरीला डेटा देण्याच्या वाटेनं. सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन पोर्टलवर नोंदणी केली की बाजारभावांचा असा एपीआय तुम्हालाही वापरता येतो.

आता गंमत बघा. ‘मागचे २४ तास’ ही रिलेटिव्ह वेळ आहे. ती ‘आत्ता’पासून मागे मोजते आणि घड्याळाबरोबर पुढे सरकते. रविवारी बाजार बंद असेल तर सोमवारी सकाळी स्क्रीन रिकामी! ॲप बिघडलेलं नसतं, निवडलेला वेळ कमी पडलेला असतो. उलट ३० दिवसांची सरासरी घेतली तर कालची घसरण त्यात विरून जाते.

अजून एक खोच. सर्व्हर यूटीसी वेळेवर चालत असेल, तर त्याचा ‘आज’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो.

मग करायचं काय? रोजचा कल बघायला ७ दिवस ठेवा. गेल्या वर्षीशी तुलना करायची तर पक्क्या तारखा टाका. आणि भावाआधी ‘शेवटचं अपडेट’ कधीचं ते बघा. शिळा भाव बघून माल विकला, तर तो सौदा परत फिरत नाही.