आमचं सोंग, त्यांना हार



अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची सोंगं काढली. आपल्याकडं तेवढीही तसदी कुणी घेतली नाही. १९३६ ला ‘अछूत कन्या’ आला, अस्पृश्य पोरगी झाली देविका राणी. १९५९ ला ‘सुजाता’ आला, तिथं नूतन. दुःख आमचं, चेहरा त्यांचा, टाळ्याही त्यांनाच.

१९६४ ला सिडनी पॉयटिएला ऑस्कर मिळालं. प्रमुख भूमिकेसाठी ते घेणारा पहिला काळा नट. पण स्टुडिओवाल्यांची अट काय? पडद्यावरचा काळा माणूस सोज्वळ पाहिजे, सोशिक पाहिजे, गोऱ्याची झोप न मोडणारा पाहिजे. तरी १९६७ च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये त्यानं गोऱ्या जमीनदाराची थप्पड थपडेनंच फेडली.

आता आपला माणूस बघा. वीरा साथीदार. नागपूरचे, ‘विद्रोही’चे संपादक, चळवळीतले कार्यकर्ते. २०१४ ला चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. गुन्हा काय? म्हणे याचं गाणं ऐकून सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये जीव दिला! त्या कामगाराला विषारी वायूपासून वाचवणारं काही दिलंच नव्हतं. त्याबद्दल पिंजऱ्यात कुणीच नाही. पिंजऱ्यात गाणं! आणि हा शाहीर दयेची भीक मागत नाही. जामिनावर सुटतो, पुन्हा गातो, पुन्हा आत जातो.

सिनेमाला व्हेनिसला बक्षीस मिळालं. २०१५ ला राष्ट्रीय पुरस्कारही. १३ एप्रिल २०२१ ला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं वीरा साथीदार गेले.

प्रस्थापितांना काय विचारायचं? त्यांनी हार घालून हिशेब मिटवला. सवाल आपल्याला आहे. ऐरोलीत बाबासाहेबांचं स्मारक आहे, तुर्भे-दिघ्यात आपल्या वस्त्या आहेत, जयंतीला डीजेपुरती वर्गणी जमते. मग १३ एप्रिलच्या रात्री वस्तीत चादर बांधून ‘कोर्ट’ का दाखवायचा नाही? गटारात उतरणारा बाप आणि त्याची पोरं, दोघांनी शेजारी बसून बघावा.

पण बघून थांबू नका. ताम्हाणेनं सिनेमा इमानानं केला, मान्य. तरी आपली गोष्ट कुणी इमानानं सांगील म्हणून किती वर्षं वाट बघायची? नागराज मंजुळेनं ‘फँड्री’त कॅमेरा आपल्या हातात घेतला, आणि जब्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या तोंडावर आला. भूमिका मागणाऱ्याला भूमिका मिळते, फार तर हार मिळतो. कॅमेरा मागून मिळत नाही. तो घ्यावा लागतो.