विश्लेषण : सायकल शर्यतींच्या ‘फॅन्टसी लीग’मध्ये पैसे लावले तर?

मिलान-सान रेमो, टूर ऑफ फ्लँडर्स, पॅरिस-रूबे... मार्च-एप्रिलमध्ये युरोपात सायकलिंगच्या या मोठ्या एकदिवसीय शर्यती होतात. सावलीसारख्या तालुक्याच्या गावात बसूनही मोबाइलवर त्यांची फॅन्टसी लीग खेळता येते. पण कायदा काय सांगतो?

खेळ कसा असतो?
ठरावीक ‘बजेट’मध्ये सायकलपटू निवडायचे. शर्यतीतील त्यांच्या क्रमांकानुसार गुण मिळतात. अभ्यास लागतोच, पण पॅरिस-रूबेच्या दगडी रस्त्यांवर एका पंक्चरनेही अंदाज कोसळतो.

कौशल्य की नशीब?
ड्रीम११ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फॅन्टसी खेळ कौशल्याचा मानला होता. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला. पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे भरून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ त्याच्या कक्षेत येतो. तो चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संसदेने कायदा मंजूर करताच ड्रीम११ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

खेळणाऱ्याचे काय?
केवळ खेळणाऱ्यास या कायद्यात शिक्षा नाही. पैसे न लावता, मित्रांत गुणांची चुरस म्हणून खेळण्यासही आडकाठी नाही. धोका आहे तो परदेशी अ‍ॅपवर पैसे भरण्यात. तेथे रक्कम अडकली, तर दाद मागणे अवघड. फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत वळवले जातात.