काचेच्या तारेवरचा पहारा

ऑप्टिकल फायबरमधून जाणारा निरोप चोरता येत नाही, हा समज अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. तो खोटा आहे. केसाएवढ्या काचतंतूचं वरचं आवरण सोलून त्याला नेमका बाक दिला, की आतल्या प्रकाशाचा बारीकसा अंश बाहेर झिरपतो. तो टिपायला तार तोडावी लागत नाही, संभाषणही थांबत नाही. ब्रिटनची जीसीएचक्यू ही गुप्तचर संस्था अटलांटिकखालच्या केबलांमधून माहिती उपसते, हे २०१३ साली अमेरिकी गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांतून जगासमोर आलं.

पण बाकाची खूण राहते. ओटीडीआर हे यंत्र तारेत प्रकाशाचा स्पंद सोडतं आणि मागे विखुरून येणारा क्षीण प्रकाश मोजतं. पडद्यावर एक तिरपी रेघ सावकाश उतरत जाते. मध्येच छोटीशी पायरी दिसली, तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून परतीच्या वेळेवरून जागाही कळते. चांगल्या तारेत किलोमीटरमागे घट जेमतेम ०.२ डेसिबल; तरीही सराईत चोर इतकं कमी घेतो, की पायरी गोंगाटात बुडते. त्यासाठी १६२५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने अखंड पाहणी करतात, कारण तो बाकापाशी जास्त गळतो.

मुंबईत वर्सोव्याला अनेक समुद्री केबली किनाऱ्याला लागतात. त्यांच्यासाठी केवळ तार तुटल्यावर धावणारी यंत्रणा पुरेशी नाही. न तुटलेल्या तारेवरही रोज नजर हवी आणि आतला मजकूर कूटबद्धच हवा. आपल्या बँकेला, रुग्णालयाला हे दोन्ही होतं का, एवढं वाचकांनी जरूर विचारावं.