जिप्सीला नवं काळीज

बेळगावकरांना जिप्सीची ओळख करून द्यायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच, त्यामुळे कॅम्पातून सुसाट जाणाऱ्या हिरव्या जिप्स्या बघत आमची पिढी शाळेत गेली. मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली आणि २०१९ साली सामान्य गिऱ्हाईकासाठी बंद केली. आपल्याकडच्या रॅलींमध्ये तिने जेवढी धूळ उडवली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या गाडीने उडवली असेल. मी इतिहासाचा माणूस, पण कॉलेज सुटल्यावर उद्यमबागेतल्या एका गॅरेजात अर्धा तास टेकतो. चहा चांगला मिळतो आणि बोलणंही.

सध्या तिथे विषय आहे एका १९९८ सालच्या जिप्सी किंगचा. गाडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजोबांची. आजोबा गेले, गाडी राहिली. आता निळा धूर सोडते आणि चोर्ल्याच्या घाटात दम टाकते. वडील म्हणतात भंगारात घाला. धारवाडकडची आई काही बोलत नाही, पण महिन्याकाठी गाडी धुते तीच. पोराच्या मनात आहे जुनं इंजिन काढून पुढच्या पिढीचं घालायचं.

यात वेडेपणा वाटेल तेवढा नाही. पहिल्या जिप्सीत ९७० सीसीचं इंजिन होतं, जेमतेम ४५ अश्वशक्तीचं. १९९६ साली जिप्सी किंग आली, तिला १२९८ सीसी आणि ६० अश्वशक्ती मिळाली, पण कार्बुरेटर तोच जुन्या पद्धतीचा. २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा कंपनीने त्याच घराण्यातलं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन बसवलं. सीसी तेवढेच, ताकद मात्र ८० अश्वशक्ती. आठ व्हॉल्व्हचे सोळा झाले की इंजिनाला श्वास मोकळा घेता येतो, आणि पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. कार्बुरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा होतो. तिथे कार्बुरेटरची गाडी पेट्रोल जास्त आणि हवा कमी अशी घुसमटते. नव्या इंजिनातला सेन्सर दाब मोजतो आणि पेट्रोल तेवढंच सोडतो. हिमालयातल्या रॅलीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. आपल्या चोर्ल्याला एवढी उंची नाही, पण पावसाळ्यात सकाळी चोक ओढत बसणं तरी वाचतं.

मिस्त्री म्हणतात, “आगतैति सर.” होतं, पण कसं ते ऐका. इंजिन एकाच घराण्यातलं असल्यामुळे जुना गिअरबॉक्स चालतो. खरी कटकट पेट्रोलची आणि वायरिंगची. कार्बुरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने लागतं, इंजेक्शनला त्याच्या किती तरी पट. म्हणजे टाकीत विजेचा पंप, जास्त दाबाचे पाइप, टाकीकडे परत जाणारी नळी, सगळं नवं. इसीयू, सेन्सर आणि पूर्ण वायरिंगचा गुच्छ इंजिनाबरोबरच एका गाडीतून घ्यावा. चार ठिकाणचे तुकडे जोडले तर पुढची दोन वर्षं दोष शोधण्यात जातात. रबरी नळ्याही याच वेळी बदलाव्यात, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील इंजिन खाली असतानाच बदलायचं. नंतर तेच काम चौपट महाग पडतं.

स्वस्तातला मोह एस्टीमच्या इंजिनाचा. ती गाडी २००७ साली बंद झाली, भंगारात इंजिनं मिळतात आणि घराणं तेच. पण एस्टीममध्ये इंजिन आडवं, जिप्सीत उभं. त्यामुळे ऑइलचा संप, आतली जाळी, मॅनिफोल्ड, माउंटिंग सगळं जिप्सीचं शोधावं लागतं. वाचलेले पैसे तिथे जातात. मला विचाराल तर जिप्सीचंच इंजिन घ्यावं.

आणि ब्रेक! ताकद एक तृतीयांशाने वाढते, ब्रेक मात्र तेवढेच राहतात. पोरं हे ऐकत नाहीत. डिस्क, पॅड आणि मागचे ड्रम नीट झाल्याशिवाय चावी देऊ नका असं मी मिस्त्रींना सांगून ठेवलंय.

यापुढचा भाग वडिलांसाठी. एका दलालाने पोराला फार कमी किमतीत इंजिन देऊ केलं होतं. बिल नाही, इंजिन नंबरावर घासल्याच्या खुणा. मी त्याला स्पष्ट सांगितलं, फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. चोरीच्या गाडीचं निघालं तर आजोबांची जिप्सी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडेल. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि आरसी बुकात नवा नंबर चढवावा लागतो. मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर चौदा दिवसांत कळवायचं असतं. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरबदलांबाबत कडक निकाल दिला. कार्बुरेटरच्या जागी एमपीएफआय चालेल का, हे इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत लेखी विचारावं. ‘आधी बसवू, मग बघू’ हे इथे महागात जातं, कारण पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी होते आणि तेव्हा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. या जिप्सीची पुढची पाळी २०२८ साली.

पोराने आता बिलासकट, एकाच अपघातग्रस्त जिप्सीचं इंजिन, इसीयू आणि वायरिंग बघून ठेवलंय. आगाऊ पैसे दिलेले नाहीत. अर्जाचा मसुदा कन्नडमध्ये आईने लिहून दिला. वडिलांनी तो वाचला, एक शब्द दुरुस्त केला आणि सही कुठे करायची ते विचारलं.